कणकेचे उष्मांक कोणी मोजले?

शंभर ग्रॅम कणकेत किती उष्मांक असतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे १९८९ चे पुस्तक उघडले, तर उत्तर मिळते ३४१. त्याच संस्थेने २०१७ साली नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. तिचे रूपांतर उष्मांकांत, म्हणजे किलोकॅलरीत केले, की आकडा येतो ३२०. मधल्या अठ्ठावीस वर्षांत कणकेतले हे २१ उष्मांक गेले कुठे?

प्रश्न परीक्षेतल्या एका गुणाचा वाटेल. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात तो तेवढाच राहत नाही. कामगाराला किमान किती वेतन मिळावे याचा आपल्या देशातला हिशेब उष्मांकांपासून सुरू होतो. रोज इतके उष्मांक हवेत, ते इतक्या धान्यातून मिळतील, त्या धान्याला इतके पैसे पडतील, असा तो जिना आहे. शाळेत मुलांना मिळणाऱ्या खिचडीचे प्रमाणही याच जिन्यावरून खाली येते. जिन्याची पहिली पायरी म्हणजे अन्नघटकांचा तक्ता. हा तक्ता कोणी, कधी आणि कसा तयार केला, ते आपण पाहू.

तक्ता तयार कसा होतो?

अन्नाचे रासायनिक पृथक्करण करून त्याचे कोष्टक मांडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रुजली. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने ती पुढे नेली आणि १८९६ मध्ये अमेरिकन खाद्यपदार्थांचे मोठे कोष्टक प्रसिद्ध केले. माणूस आत राहू शकेल एवढी मोठी उष्मामापक खोली बांधून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अन्नापासून शरीराला प्रत्यक्षात किती ऊर्जा मिळते ते मोजले. एक ग्रॅम प्रथिनापासून ४, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ आणि एक ग्रॅम कर्बोदकापासून ४ उष्मांक, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतले आकडे त्या कामातून आले.

प्रयोगशाळेत पदार्थ आला, की आधी तो वाळवतात. वजनात जी घट येते ते पाणी. इथरसारख्या द्रावकात जे विरघळून निघते ते स्निग्ध पदार्थ. जाळल्यावर जी राख उरते ती खनिजे. प्रथिने सरळ मोजणे अवघड असते, म्हणून डेन्मार्कच्या योहान केल्डाल याने १८८३ मध्ये दिलेल्या रीतीने नायट्रोजन मोजतात आणि त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणतात. मग उरतात कर्बोदके. ती जुन्या तक्त्यांत मोजलेलीच नसत. शंभरातून बाकी सगळे वजा केले आणि जे राहिले त्याला कर्बोदके म्हटले, असा सरळ व्यवहार होता.

१९८९ च्या पुस्तकातली कणीकच घ्या. शंभर ग्रॅममध्ये पाणी १२.२, प्रथिने १२.१, स्निग्ध पदार्थ १.७, खनिजे २.७ आणि चोथा १.९ ग्रॅम. बेरीज ३०.६. म्हणून कर्बोदके ६९.४. आता विद्यार्थ्यांना फळ्यावर गुणाकार करायला सांगा. १२.१ गुणिले ४ म्हणजे ४८.४, १.७ गुणिले ९ म्हणजे १५.३ आणि ६९.४ गुणिले ४ म्हणजे २७७.६. बेरीज ३४१.३. पुस्तकातला ३४१ हा आकडा असा आला. याचा अर्थ असा, की या ३४१ पैकी सुमारे २७८ उष्मांक प्रत्यक्ष न मोजलेल्या, वजाबाकीतून आलेल्या घटकाचे आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवू. पुढे तिचे काम पडणार आहे.

कुन्नूरची प्रयोगशाळा

भारतातल्या तक्त्यांचा जन्म नीलगिरीच्या डोंगरात झाला. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाची चौकशी सुरू केली. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना हा रोग होई. एका खोलीत सुरू झालेल्या त्या कामातून पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. मॅककॅरिसन यांनी देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतला आहार उंदरांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली. गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि भाज्या खाणारे उंदीर धष्टपुष्ट झाले, तर पांढऱ्या भातावर वाढवलेले खुरटले. आपल्या ताटांत फरक आहे आणि तो मोजता येतो, हे या प्रयोगांनी दाखवले.

त्यांच्यानंतर १९३५ मध्ये वॉलेस अ‍ॅक्रॉइड संचालक झाले. १९३७ मध्ये त्यांनी ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ प्रसिद्ध केले. भारतीय खाद्यपदार्थांचे पोषणमूल्य आणि समाधानकारक आहाराची आखणी, असा त्याचा विषय. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, हरभरा, मेथी, शेवगा अशा आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू त्यात पृथक्करणासह एका जागी आल्या. पुस्तिकेच्या विषयातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. हा तक्ता केवळ माहितीसाठी केलेला नव्हता. वसतिगृहे, रुग्णालये, तुरुंग अशा ठिकाणी जिथे एकाने दुसऱ्याचे ताट ठरवायचे असते, तिथे तो वापरायचा होता. अ‍ॅक्रॉइड पुढे बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे सदस्य होते, आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत पोषण विभागाचे पहिले संचालक झाले.

या प्रयोगशाळेशी मराठी माणसांचा संबंध जवळचा आहे. केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतलेल्या कमला सोहोनी यांनी १९४० च्या दशकात कुन्नूरला जीवनसत्त्वांवर काम केले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये, नीरा अशा सामान्य माणसाच्या आहारातल्या वस्तूंचा जीवरासायनिक अभ्यास केला. अ‍ॅक्रॉइड यांच्यानंतर प्रयोगशाळेची धुरा वि. ना. पटवर्धन यांच्याकडे आली. १९५१ च्या सुधारित आवृत्तीवर अ‍ॅक्रॉइड यांच्याबरोबर त्यांचे आणि रंगनाथन यांचे नाव आहे. १९५८ मध्ये प्रयोगशाळा हैदराबादला हलली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

तक्ता कारखान्यात येतो

कुन्नूरच्या आकड्यांचा पिंपरीशी संबंध आला तो १९५० च्या दशकात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला कारखाना पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि त्या दशकात या भागात मोटारगाड्या, स्कूटर आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. शतकाच्या शेवटी हा विस्तार चाकणच्या माळावर पोचला. तोवर चाकणचे नाव घेतले, की कांद्याचा बाजारच आठवे.

शेतात काम करणारा माणूस बरेचसे धान्य घरचे खातो. कारखान्यात येणारा माणूस ते विकत घेतो. मराठवाड्यातून किंवा खानदेशातून येऊन काळेवाडीत खोली घेतलेल्या कुटुंबाची ज्वारी दुकानातून येऊ लागली, आणि तिचा दर पगाराशी जोडला गेला. पगार किती असावा, या प्रश्नाला अन्नाचे माप लागले ते इथे.

हे माप जुलै १९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात ठरले. सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी तिथे होते. गरजेवर आधारित किमान वेतनाचे जे सूत्र मान्य झाले ते असे: एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एकके धरावीत. कर्ता पुरुष १, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, अशी ती तीन होतात. मध्यम श्रम करणाऱ्या सरासरी भारतीय प्रौढाला डॉ. अ‍ॅक्रॉइड यांनी सांगितल्याप्रमाणे निव्वळ उष्मांक मिळावेत. व्यवहारात हा आकडा दिवसाला २,७०० असा रूढ झाला. याशिवाय चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेनुसार घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा २० टक्के भाग. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपणाची तरतूद यांसाठी यात आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने दुसरी एक वाट उघडली होती. अडीचशेपेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन असावे, तिथे कोणते पदार्थ द्यायचे आणि काय दर घ्यायचे याचे नियम राज्य सरकारने करावेत, आणि कँटीनच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशी सोय त्याच्या ४६ व्या कलमात होती. ताटात काय वाढले जाते हा प्रश्न त्यामुळे आचाऱ्यापुरता उरला नाही. तो बैठकीत मांडण्याचा विषय झाला.

पालकातले लोह आणि मातीतले लोह

तक्त्यांचे काम पुढे चालूच होते. १९७१ मध्ये सी. गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन यांचे ‘न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स’ आले. आपल्यापैकी अनेकांनी गृहविज्ञानाच्या किंवा जीवशास्त्राच्या तासाला वापरलेले हेच ते पुस्तक. १९८९ मध्ये नरसिंग राव, देवस्थळे आणि पंत यांनी त्याची सुधारणा केली.

या सुधारणेत एक मोठा बदल झाला, तो पालेभाज्यांतल्या लोहाचा. जुन्या आवृत्तीत शंभर ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दिलेले होते. नव्या मोजणीत ते १.१४ भरले. पालक तोच, पण पानाला चिकटलेल्या मातीतले लोहही आधी मोजले गेले होते. आपल्या मातीत लोहाची कमतरता नाही. ते पानावर असले तर प्रयोगशाळेतल्या बशीत पानाचेच ठरते. शरीराला मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. जुन्या आकड्यावर भरवसा ठेवून आखलेला आहार कागदावर लोहाने भरलेला दिसे, आणि तो खाणारी बाई रक्तक्षयाने फिकटलेली राही. २०१७ च्या तक्त्यात पालकाचा आकडा २.९५ आहे. तो १९८९ पेक्षा जास्त, पण १०.९ च्या जवळपासही नाही. जमीन, जात आणि नमुना बदलला की आकडा हलतो. म्हणून नमुने कुठले आणि किती, हा तक्त्याचा कणा आहे.

वजाबाकीतला चोथा

२०१७ च्या ‘भारतीय अन्नघटक तक्त्यां’मध्ये हा कणा बळकट केला गेला. देशाचे सहा विभाग पाडून त्या त्या विभागांतून नमुने गोळा केले आणि ५२८ खाद्यपदार्थांचे १५१ घटक नव्याने तपासले. परदेशी पुस्तकांतून उसने घेतलेले किंवा जुन्या आवृत्तीतून उतरवलेले आकडे त्यात नाहीत.

आता आपल्या कणकेकडे परत येऊ. जुन्या पुस्तकात चोथा १.९ ग्रॅम होता. ही मोजणी करताना पदार्थ आधी आम्लात आणि मग अल्कात उकळत, आणि त्यातूनही जे टिकून राहते त्याला चोथा म्हणत. पण पचनसंस्था म्हणजे उकळते आम्ल नव्हे. या रीतीत विरघळून जाणारे पुष्कळ तंतू माणसाच्या लहान आतड्यात पचत नाहीत. नव्या पद्धतीत पचनरसांसारखी विकरे वापरून पदार्थ पचवतात आणि न पचलेला भाग मोजतात. तेव्हा कणकेतले एकूण तंतू ११.३६ ग्रॅम भरले.

म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम तंतू जुन्या वजाबाकीत कर्बोदके म्हणून गणले जात होते, आणि त्यांना ग्रॅमला ४ उष्मांक दिले जात होते. मोठ्या आतड्यातले जीवाणू तंतू आंबवतात, त्यातून ग्रॅमला सुमारे २ उष्मांकच शरीराला मिळतात. ढोबळ हिशेब केला तर साडेनऊ गुणिले दोन, म्हणजे १९ उष्मांकांची घट. नव्या नमुन्यांतले पाणी आणि प्रथिनेही थोडी वेगळी आहेत, त्यामुळे आकडा काटेकोर जुळणार नाही. पण हरवलेल्या २१ उष्मांकांचा मोठा भाग कुठे गेला ते कळते. ते कधी पूर्णपणे मिळतच नव्हते.

याचा वेतनाशी असलेला संबंध मांडून पाहू. केवळ कणकेवर कोणी जगत नाही, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून तसे समजू. २,७०० उष्मांकांसाठी जुन्या तक्त्याने ७९२ ग्रॅम कणीक लागते, नव्या तक्त्याने ८४४ ग्रॅम. फरक ५२ ग्रॅमचा, साधारण दोन पोळ्यांचा. तीन उपभोग-एकके आणि महिन्याचे तीस दिवस धरले तर तो सुमारे ४.७ किलो होतो. कोणी दर वाढवला नाही, कोणी पगार कापला नाही, तरी तेवढेच उष्मांक भरायला महिन्याला जवळजवळ पाच किलो कणीक जास्त लागते, हे केवळ मोजणी नीट झाल्यामुळे दिसले. डाळ, तेल आणि भाजी धरून केलेल्या हिशेबात हा फरक कमी भरेल, पण नाहीसा होणार नाही.

आकडा एकटा बोलत नाही

दुसरे उदाहरण ताजे आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये सुचवले, की प्रौढामागे २,७०० ऐवजी २,४०० उष्मांक धरावेत, आणि सोबत किमान ५० ग्रॅम प्रथिने व ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असावेत. उष्मांक कमी केले म्हणून टीका झाली. पण याच समितीने उपभोग-एकके ३ वरून ३.६ करावीत असेही सांगितले होते. गुणाकार करून पाहा. २,७०० गुणिले ३ म्हणजे ८,१००, आणि २,४०० गुणिले ३.६ म्हणजे ८,६४०. माणशी आकडा घटला, कुटुंबाचा वाढला. उलट, कोणी पुढे २,४०० तेवढे उचलले आणि ३.६ विसरले, तर कुटुंबाच्या ताटातून रोज ९०० उष्मांक जातील.

शिवाय ‘मध्यम श्रम’ कोणाचे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २,११०, मध्यम श्रमासाठी २,७१० आणि जड श्रमासाठी ३,४७० उष्मांक दिलेले आहेत. चाकणच्या एकाच आवारात संगणकासमोर बसणारा, जुळणीच्या ओळीवर उभा राहणारा आणि मालगाडीतून खोकी उतरवणारा असे तिघेही असतात. त्यांची सरासरी काढता येते, पण ती कोणाचेच पोट नसते.

तक्ता आणखीही काही सांगत नाही. त्यातले बहुतेक आकडे कच्च्या पदार्थांचे असतात. शिजवताना ‘क’ जीवनसत्त्व घटते, पाणी ओतून दिले तर त्यासोबत इतर घटकही जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पालेभाज्या आपल्या पारंपरिक पद्धतीने शिजवून त्यांतल्या सूक्ष्म पोषकद्रव्यांचा अभ्यास झाला, तो याच कारणाने. शिवाय पोटात गेलेले सगळे शोषले जाते असेही नाही. धान्यातले फायटेट लोहाला अडवते, लिंबाची फोड त्याला मदत करते.

शाळेतले ताट

हा हिशेब शिक्षकांच्या हाताशी रोज असतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात प्राथमिक वर्गातल्या मुलाच्या दुपारच्या जेवणासाठी मुळात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण दिलेले होते. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरतात. तूरडाळ आहे असे समजा. १९८९ च्या तक्त्याने तांदळाची ६.८ आणि डाळीची ४.५, मिळून ११.३ ग्रॅम प्रथिने होतात. २०१७ च्या तक्त्याने ७.९ आणि ४.३, मिळून १२.२. भाजीची थोडी प्रथिने दोन्हीकडे वेगळी. खिचडी तीच असताना एका पुस्तकाने ती प्रमाणाला टेकते आणि दुसऱ्याने ओलांडते. आठवी-नववीच्या वर्गाला हे गणित जरूर द्यावे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून कोणते आकडे फार बदलले आणि कोणते फारसे हलले नाहीत ते मुलांनीच शोधावे. नाचणीतले कॅल्शियम पाहिले तर ३४४ चे ३६४ झालेले दिसेल. ऐंशी वर्षे आजी सांगत आली ते तक्त्यानेही मान्य केले, असे म्हणायला हरकत नाही.

मुलांना एक सवय मात्र लावावी. आहाराचा कोणताही आकडा लिहिताना त्याशेजारी तो कोणत्या वर्षीच्या तक्त्यातला आहे ते लिहायचे. या मुलांपैकी काही जण उद्या कँटीनच्या समितीवर बसतील, काही वेतनाच्या बोलणीत टेबलाच्या या बाजूला असतील, काही त्या बाजूला. तिथे कोणी २,७०० किंवा २,४०० म्हणाले, तर ते कोणत्या कणकेचे आणि किती माणसांसाठी, एवढे विचारता आले पाहिजे.